यमुनीनं मोडलेला कॉम्प्युटर

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. आईला ठाऊक नव्हतं, आता ती राहिली नाही. शाळेतल्या एकाही सहकाऱ्याला मी हे कधी बोललो नाही — आणि मी तसा बडबड्या माणूस, जव्हारच्या स्टँडवर कुणी ओळखीचा भेटला तर बोलण्याच्या नादात माझी एस.टी. सुटते. पण हे एवढं एक तोंडातून निघालं नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

सुरुवात गेमपासून करावी लागेल. गेमनं काही केलं, असं मला म्हणायचं नाही. जे केलं ते मीच केलं. पण गेमबद्दल सांगितल्याशिवाय मी कसा माणूस होतो, ते कळायचं नाही.

वडील जव्हारला कचेरीत कारकून. मी सहावीत असताना त्यांनी नाशिकहून टीव्ही गेम आणला. पिवळी कॅसेट, दोन रिमोट, आणि एक ॲडाप्टर — तो इतका तापायचा की आई त्याच्याखाली पाटा ठेवायची. कॅसेटवर छापलं होतं, नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम. मी पहिल्या रविवारी यादीचं पान न् पान चाळलं. गेम सहा. तेच सहा पुन्हा पुन्हा, नावं बदलून, वेग बदलून. मी रडलो होतो, खरंच सांगतो. वडील म्हणाले, ‘अरे, सहा तर सहा, खेळ की.’ त्यांना कळलं नाही. फसवणूक झाली होती, आणि फसवणूक झाली असं म्हणणारा घरात मी एकटा होतो.

पण त्या सहांतला रणगाड्यांचा गेम — तो सोनं होता. आजही मी त्याच्यावर तासभर बोलेन. तुमचा किल्ला विटांचा, शत्रू वरून येणार, तुम्ही गाफील राहिलात तर मेलात. चूक तुमची, मरण तुमचं. माझं मत तेव्हापासून पक्कं झालं — चांगला गेम न्यायी असतो. ज्या गेममध्ये तुमची चूक नसताना मरण येतं तो गेम फालतू, चित्रं कितीही सुंदर असोत.

पुढे मावसभावाकडे सीडीवाला कन्सोल बघितला. मे महिन्याचे चार दिवस. त्यात एक छोटं कार्ड होतं, तुम्ही कुठवर पोहोचलात ते त्या कार्डात राहायचं. मला ते मशीन हवं होतं — जेवण नको, कपडे नकोत, ते हवं होतं. दहावीनंतर घेऊ, असं वडील म्हणाले. दहावी झाली, मग बारावीनंतर घेऊ. बारावी झाली, तर डी.एड.चा फॉर्म आणून ठेवला. मला मास्तर व्हायचं नव्हतं. काय व्हायचं होतं तेही सांगता आलं नसतं. पण माझ्या वाट्याचं काहीतरी कुणीतरी दुसऱ्याला देऊन टाकलंय, असं मला सतत वाटायचं. बाविसाव्या वर्षी मी शिक्षणसेवक म्हणून मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर रुजू झालो, तेव्हा ही गोष्ट डोक्यात घेऊनच रुजू झालो.

पाड्याचं नाव लिहीत नाही. खोडाळ्याच्या पुढे, डांबरी संपते तिथून अर्धा तास चढण. दोन खोल्यांची शाळा आणि सातवीपर्यंतचे वर्ग. मी, आणि मोठे गुरुजी — निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, सज्जन, बहिरट. भाताची खाचरं, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली, आणि दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर. भिवंडी, वसई, जिकडे मुकादम नेईल तिकडे. पोरंही आईबापाबरोबर जायची. हजेरीपटावर पस्तीस नावं, बाकावर चौदा पोरं.

त्या पाड्यावर श्रावण संपता संपता कॉम्प्युटर आला.

मुंबईच्या एका संस्थेनं दिला. जीपमधून आला, शेवटची चढण चौघांनी डोक्यावरून आणला. बायांनी त्याला हळदकुंकू लावलं, सरपंचानं नारळ फोडला. पोरं पाण्यात पाय घालावा तशी एक एक बोट लावून मागे सरत होती. मोठ्या गुरुजींनी हात जोडले — मला म्हणाले, ‘हे तुमचं काम, मला यातलं काही कळत नाही.’ पोषण आहाराच्या तांदळाची एक छोटी खोली होती. तिथे तो बसवला. किल्ली माझ्याकडे.

मी मुलांना शिकवलं किती दिवस? खोटं नाही सांगत — नऊ दिवस. चित्र काढायचं, आपलं नाव टाइप करायचं. दहाव्या दिवशी मी खोडाळ्याच्या माझ्या खोलीवरून एक सीडी घेऊन गेलो. गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. मी म्हटलं, एकदाच बघू चालतो का.

चालला.

मग मी मुलांना सांगितलं की कॉम्प्युटर बिघडलाय. काय झालं, असं एकीनं विचारलं. मी म्हणालो, व्हायरस. व्हायरस म्हणजे काय? मी म्हणालो, त्याला ताप आलाय. त्यांना ते पटलं. पटेल नाही तर काय? गुरुजी सांगत होते. दुपारी वीज असायची तेवढे दोन तास मी तांदळाच्या खोलीत कडी लावून बसायचो. ‘दुरुस्ती चालू आहे, कुणी यायचं नाही.’ बाहेर दोन्ही खोल्यांतले वर्ग मोठे गुरुजी एकटे सांभाळायचे, पाढे म्हणून घ्यायचे. ते पाढे मला आत ऐकू यायचे. मी गेमचा आवाज थोडा वाढवायचो.

एका पोरानं भगताकडून अंगारा आणला. कागदाच्या पुडीत, कॉम्प्युटरचा ताप उतरावा म्हणून. मी तो घेतला, तोंड गंभीर ठेवून. पुढच्या आठवड्यात मोखाड्याला शिक्षकांची बैठक होती, तिथे चहाच्या वेळी ही गोष्ट मी सगळ्यांना रंगवून सांगितली. खूप हसले. मी जास्त हसलो.

ज्या मुलीनं ‘काय झालं’ विचारलं होतं तिचं नाव यमुना. सगळे यमुनी म्हणायचे. सहावीत होती, सोमाची मुलगी. बारीक, काळी, ओठांतल्या ओठांत सतत काहीतरी पुटपुटत असणारी. हुशार होती का? वर्गात ती गप्प असायची. पण रोज, अगदी रोज, मी खोलीला कुलूप लावून निघालो की वाटेत उभी.

‘गुरुजी, ताप उतरला का त्याचा?’

‘नाही अजून.’

बस, एवढंच. मग ती पळायची.

दिवाळीनंतर सोमा आपलं बिऱ्हाड घेऊन भट्टीवर निघाला, तेव्हा मीच त्याला अडवलं होतं. पटसंख्या टिकवा, असा वरून आदेश होता. मी त्याला म्हणालो, ‘यमुनीला आजीकडे ठेव. कॉम्प्युटर शिकेल. तुझं भलं होईल.’ सोमा विचार करत उभा राहिला. ती भट्टीवर असली तर धाकट्याला सांभाळायची, पाणी आणायची, त्याला ती हवी होती. पण म्हणाला, ‘तुम्ही सांगता तर ठेवतो, गुरुजी.’ माझ्या शब्दावर त्यानं पोर मागे ठेवलं. हे मुद्दाम सांगतोय. कारण पुढचं ऐकताना तुम्ही हे विसराल, आणि मी विसरू शकत नाही.

तांदळाच्या खोलीला मागच्या बाजूला एक खिडकी होती, जाळीची. तिच्या बाहेर काटेरी झुडपं, तिकडे कुणी जात नसे. जानेवारीत एका दुपारी मी बर्फाच्या घाटातल्या शर्यतीत अडकलो होतो. तीन आठवडे अडकलो होतो. उतारावर एक वळण होतं, डाव्या हाताचं. दर वेळी गाडी तिथेच कठड्यावरून खाली. मी टेबलावर मूठ आपटली, एक शिवी दिली. आणि मागून आवाज आला —

‘तुम्ही लवकर वळवता, गुरुजी. जरा थांबून वळवायचा.’

जाळीला नाक लावून यमुनी उभी होती. पायांवर काट्यांचे ओरखडे, काही ताजे, काही वाळलेले. म्हणजे ती रोज येत होती. कॉम्प्युटरला ताप नाही, हे तिला किती दिवसांपासून ठाऊक होतं? आणि तरी ती रोज विचारत होती? का विचारत होती? मी सांगेन त्याच्यावर तिला विश्वास ठेवायचा होता, असं आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, ही मला खेळवतेय.

मी तिला आत बोलावलं. दयेनं नाही. म्हटलं, बस, चालव. तिची फजिती बघायची होती मला. बटणं कुठली ते दाखवलं आणि हाताची घडी घालून मागे उभा राहिलो. पहिल्यांदा ती सुरुवातीलाच कड्यावर आदळली. मी हसलो. दुसऱ्यांदा अर्ध्यापर्यंत गेली. तिसऱ्यांदा ती त्या वळणाला आली, थांबली — म्हणजे गाडी नाही, तिचा हात थांबला, एक श्वासभर — आणि मग वळवली. गाडी घाट उतरून गेली. पुढे पाईनची झाडं होती, गोठलेलं तळं होतं. मी ते तळं कधी पाहिलंच नव्हतं.

तिनं एकदा टाळी वाजवली आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी खूश होईन, असं तिला वाटलं होतं.

मी म्हणालो, ‘वर्गात जा.’

आता ऐका. शनिवारी मी नाशिकला गेलो. एक जुनं ग्राफिक्स कार्ड मिळालं होतं, नवे गेम चालावेत म्हणून. रविवारी शाळेत कुणी नसताना कॅबिनेट उघडून ते बसवलं. बसवता येतं, असं मला वाटत होतं. बटण दाबलं — एक चट् असा आवाज, आणि कॅबिनेटच्या मागच्या जाळीतून धूर. जळक्या प्लास्टिकचा वास तांदळात बसला. मी कार्ड काढून पिशवीत घातलं, स्क्रू पुन्हा आवळले, खोली बंद केली.

बुधवारी संस्थेचे लोक बघायला येणार होते. सोबत केंद्रप्रमुख.

मी तीन दिवस घाबरलेला होतो, हे खरं. नोकरी कच्ची होती. पण हे नीट समजून घ्या — मला कुणाचं नाव घ्यायची गरजच नव्हती. व्होल्टेज वाढलं, जळला, एवढं म्हटलं असतं तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. त्या भागात व्होल्टेजनं टीव्ही जळायचे, पंखे जळायचे, पिठाच्या गिरणीची मोटर जळली होती. केंद्रप्रमुखांच्या घरचा फ्रिज जळला होता. ‘व्होल्टेज’ हा शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो घरून घोकून आलो होतो.

पाहुणे आले. एक बाई आणि दोन पुरुष, मुंबईचे, सभ्य. व्हरांड्यात सतरंजी घातली होती, मुलं रांगेत बसली होती. बाईंनी विचारलं, ‘कॉम्प्युटर बंद कसा?’ मी तोंड उघडलं, आणि समोर यमुनी दिसली. दुसऱ्या रांगेत. ती माझ्याकडे बघत होती — ओळखीनं. आपण दोघांनी एक गोष्ट पाहिली आहे, अशा ओळखीनं. ते मला सहन झालं नाही.

मी म्हणालो, ‘एका मुलीनं परवानगी नसताना हात लावला.’

तिला उभं केलं. आणि मग मी तिला फक्त खरे प्रश्न विचारले. हे मला आज सगळ्यात भयंकर वाटतं. एकही प्रश्न खोटा नव्हता.

‘तू मागच्या खिडकीतून आत बघायचीस का?’

‘बघायची.’

‘कॉम्प्युटरला हात लावलास का?’

‘लावला.’

‘बटणं दाबलीस का?’

‘दाबली, गुरुजी.’

आणि ती थांबली. पुढचं मी सांगेन, म्हणून थांबली. तुम्हीच बस म्हणालात, तुम्हीच दाखवलंत, तेव्हा तो चालू होता, मी गेल्यावरही चालू होता — हे गुरुजी सांगतील. मी काय केलं? मी पाहुण्यांकडे वळून हात पसरले. बघा, अशी मुलं.

मुंबईच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, ‘मारू नका हं तिला.’ आणि यमुनीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, ‘पुन्हा असं करायचं नाही, बाळा.’ यमुनीनं मान हलवली. कॉम्प्युटर ते परत घेऊन गेले, दुरुस्त करून काळजी घेतली जाईल अशा शाळेला देऊ म्हणाले. उतरवायला पुन्हा चौघे लागले.

दुसऱ्या दिवसापासून पोरांनी तिचं नाव व्हायरस ठेवलं. शब्द मीच दिलेला होता. पाणवठ्यावर व्हायरस, खेळताना व्हायरस, तिच्या शेजारी कुणी बसेना, ताप येईल म्हणून. मी ऐकत होतो. थांबवलं का? एकदा हजेरी घेताना तिनं ओ दिली नाही. मी मान वर न करता म्हणालो, ‘व्हायरस आलाय का आज?’ सगळा वर्ग हसला. मोठ्या गुरुजींना ऐकू आलं नाही, तेसुद्धा मुलं हसली म्हणून हसले. मला बरं वाटलं. लपवत नाही — छान वाटलं.

शिमग्याला भट्टीवरची माणसं परतली. तिसऱ्या दिवशी सोमा तिला घेऊन शाळेत आला. चपला पायरीखाली काढून उभा राहिला.

‘गुरुजी, लोकं सांगतात. तुम्ही सांगा. हिनीच मोडला का?’

बघा, त्यानं मला विचारलं होतं. गावानं सांगितलेलं त्यानं मान्य केलं नव्हतं. माझ्या शब्दावर पोर ठेवलं होतं, आता माझ्याच शब्दानं निवाडा करायला आला होता. यमुनी त्याच्या मागे उभी, जमिनीकडे बघत. व्हरांड्यात आम्ही तिघेच. केंद्रप्रमुख नव्हते, पाहुणे नव्हते, नोकरीला धोका नव्हता. सोमा कुणाला काय सांगणार होता?

मी म्हणालो, ‘हो.’

त्यानं हात जोडले. धुळवडीनंतर तिला बरोबर घेऊन गेला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती आली नाही. मी दोन महिने तिचं नाव पुकारलं, मग पटावरून कमी केलं. लाल शाईनं एक आडवी रेघ. बदली मिळाल्यावर मी जव्हारजवळच्या शाळेत आलो. पगार वाढला. मावसभावाकडे पाहिलेलं ते कार्डवालं मशीन मी घेतलं — त्याच्या पुढचंही घेतलं. त्यांच्याबद्दलही मला पुष्कळ मतं आहेत.

सहा-सात वर्षांनी, भादव्यात, काही कामानं खोडाळ्याला गेलो होतो. बाजाराचा दिवस. काकड्यांचे ढीग घेऊन बाया ओळीनं बसल्या होत्या. त्यातली एक उठून उभी राहिली. कडेवर पोर, शेजारी नवरा.

‘गुरुजी, वळखला का?’

मी ओळखलं नाही. खरंच नाही.

‘मी यमुनी. कॉम्प्युटर मोडलेली.’

तिनं हे असं सांगितलं, जसं आपण गावाचं नाव सांगतो. नवरा हसला, म्हणाला, ‘ही सांगत असते, गुरुजी, साळंतला.’ मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. शोधत होतो — टोमणा, राग, काहीतरी. काही नव्हतं. तिला ते खरं वाटत होतं. इतक्या वर्षांत, इतक्या लोकांनी सांगून सांगून, आणि तिनं हात तर लावलाच होता — तिच्या आठवणीतसुद्धा आता तो तिनंच मोडला होता.

‘लहान होती मी तवा,’ ती म्हणाली. ‘कुठला दाबला, काय दाबला, कळला नाय. पावण्यांपुढं तुमची मान खाली गेली. मना लय दिवस वाटत होता, गुरुजी भेटले तर सांगीन. माफी करा, गुरुजी.’

आणि वाकली. पोरासकट वाकून तिनं माझ्या पायांना हात लावला, त्या बाजारात, सगळ्यांसमोर.

एक वाक्य पुरे होतं. तिथे कुणी मला काही केलं नसतं. तिचा नवरा साधा होता, ती तर हसली असती कदाचित. एक वाक्य — तू नाही मोडलास. मी ते मनात जुळवलंसुद्धा.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, ‘असू दे गं. झालं गेलं.’

मी तिला माफ केलं.

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. तिनं ढिगातल्या निवडून निवडून चार काकड्या काढल्या, नको म्हणत असताना माझ्या पिशवीत घातल्या. मी त्या जव्हारला घरी आणल्या. बायकोनं कोशिंबीर केली. अगदी कोवळ्या आहेत, कुणाकडून घेतल्या, असं तिनं विचारलं. एक जुनी विद्यार्थिनी भेटली होती, मी म्हणालो. आणि पुन्हा वाढून घेतली.